हॉलंडची जुनी पवनचक्की, तीही फिरती: ठाणे-नवी मुंबईतून निघणाऱ्यांसाठी

ठाणे, ऐरोली, खारघरच्या सोसायट्यांमध्ये मुलगा किंवा मुलगी नेदरलँड्सला असलेली घरं आता कमी नाहीत. आयटीतली नोकरी, आइंडहोवेन किंवा ॲम्स्टेलवेनला भाड्याचं घर, आणि उन्हाळा आला की आई-बाबांची दोन-अडीच महिन्यांची फेरी. परत आल्यावर सगळ्यांच्या फोनमध्ये पवनचक्कीचा फोटो असतोच. निळं आकाश, हिरवं गवत, मागे पवनचक्की, पुढे काकू. फोटो छान असतो. पण जरा बारकाईने विचारलं, की आत काय होतं, पाती फिरत होती का, तर उत्तर येतं, "आत कुठे गेलो आम्ही? बस थांबली, पंधरा मिनिटं दिली, फोटो काढले आणि निघालो."

दहा तासांच्या आसपासचा विमानप्रवास करून एवढंच पाहायचं असेल तर माझ्या मते ते राहिलं तरी चालेल. जुनी पवनचक्की हे आतून पाहण्याचं यंत्र आहे आणि ते चालू असताना पाहायला हवं. त्यासाठी योग्य चक्की, योग्य वार आणि योग्य वारा या तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. जुळवणं अवघड नाही. हा लेख त्यासाठीच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर दिसतात त्या तीन पात्यांच्या पवनचक्क्या वीज बनवतात. इथे बोलतोय त्या लाकडाच्या आणि विटांच्या, चार पात्यांच्या, दोन-तीनशे वर्षं जुन्या. त्या वीज बनवत नाहीत. वाऱ्याच्या जोरावर धान्य दळतात, लाकूड चिरतात, तेल गाळतात किंवा पाणी उपसतात.

निघण्याआधी: आधी वाशी-बेलापूर पाहा

कागदपत्रांचं थोडक्यात उरकतो, कारण ती माहिती व्हिसा केंद्राच्या संकेतस्थळावर नीट दिलेली असते. शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो गेलाच पाहिजे. पण एप्रिल-मेसाठी अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी अडचण असते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करा. मोठ्यांसाठी व्हिसा शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे. प्रवास विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोंचं हवं. मुलाकडे राहणार असाल तर त्याला तिथल्या नगरपालिकेतून प्रायोजकत्वाचा फॉर्म प्रमाणित करून पाठवावा लागतो. तो मूळ कागद वेळेत पोचेल असं बघा.

खरी तयारी वेगळीच आहे, आणि ती घराजवळ होते. एखाद्या रविवारी भरतीची वेळ बघून वाशी किंवा बेलापूरच्या धारण तलावावर जा. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतच्या सखल, खाजणाच्या जमिनीवर भराव घालून वसवला आहे. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी वर चढतं, तेव्हा पावसाचं पाणी खाडीत जाऊच शकत नाही. म्हणून सिडकोने हे तलाव केले. भरती असेपर्यंत शहराचं पाणी तलावात थांबतं, तोंडाशी असलेली झडपेची दारं खाडीला आत येऊ देत नाहीत, आणि ओहोटी लागली की पाणी बाहेर पडतं. ही पद्धत डच लोकांकडून घेतलेली आहे. आमच्याकडच्या जुन्या खारजमिनींच्या बांधाला असलेली उघाडी हेच काम लहान प्रमाणावर करते, ते गावाकडे भातशेती असलेल्यांना सांगायला नको.

हे डोळ्यांनी पाहिलं असेल तर हॉलंडच्या पवनचक्क्यांचं निम्मं कोडं इथेच सुटतं. तिथे जमीनच मुळात समुद्रसपाटीच्या खाली असल्याने ओहोटीची वाट पाहून भागत नाही, पाणी उचलून वर टाकावं लागतं. तुमचं विमान ज्या स्किपोल विमानतळावर उतरेल तो समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली, एका जुन्या तळ्याच्या तळावर आहे. ते तळं 1849 ते 1852 मध्ये वाफेच्या पंपांनी उपसलं. त्याआधीची बहुतेक मोठी तळी वाऱ्याने उपसली गेली होती. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेचं बेमस्टर 1612 मध्ये पवनचक्क्यांच्या रांगा लावून कोरडं केलं आणि तिथे आजही शेती होते.

कोणती चक्की पाहायची

नेदरलँड्समध्ये आज साधारण बाराशे जुन्या पवनचक्क्या शिल्लक आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नऊ-दहा हजार होत्या. वाफ आली, मग डिझेल आणि वीज आली, आणि बाकीच्या पाडल्या गेल्या किंवा पात्यांविना नुसते बुरूज उरले. ज्या आहेत त्यांत काम कोणतं यावरून निवड करा. आतलं यंत्र कामाप्रमाणे बदलतं, बाहेरून मात्र सगळ्या सारख्याच वाटतात.

पाणी उपसणाऱ्या चक्क्या पाहायच्या तर किंडरडाइक. रॉटरडॅमजवळ दोन कालव्यांच्या काठी 19 चक्क्या उभ्या आहेत. बहुतेक 1738 ते 1740 या काळातल्या. 1997 पासून हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. एका ओळीतल्या गोल, विटांच्या. समोरच्या ओळीतल्या अष्टकोनी, गवताने शाकारलेल्या. या चक्क्यांमध्ये आजही कुटुंबं राहतात, त्यामुळे कुंपणाच्या आत डोकावू नका. पाहण्यासाठी संग्रहालय केलेल्या चक्क्या वेगळ्या आहेत आणि त्यांत जुन्या काळच्या कुटुंबाचं बिऱ्हाड जसंच्या तसं मांडलेलं आहे. गोल भिंतीला चिकटलेली कपाटातली बिछान्याची जागा पाहून आपल्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या माणसाला फार नवल वाटत नाही. किंडरडाइकला पाहायची खरी गोष्ट म्हणजे दोन पाण्यांच्या पातळीतला फरक. वाटेवर थांबून डावीकडचं आणि उजवीकडचं पाणी बघा, एक वर आहे, एक खाली. शेतातलं पाणी चक्कीने कालव्यात, कालव्यातून वरच्या साठवणीत, आणि तिथून लेक नदीत असा टप्प्याटप्प्याचा प्रवास आहे. चक्की एका दमात जेमतेम दीडेक मीटर पाणी उचलते, म्हणून टप्पे.

कारखाने पाहायचे तर झान्से स्खान्स. ॲमस्टरडॅमहून लोकल पकडून वीस मिनिटांच्या आत पोचता. हे 'जुनं गाव' मुळात असं नव्हतं. 1961 पासून पुढे आसपासची जुनी लाकडी घरं आणि चक्क्या ट्रेलरवर चढवून इथे आणून मांडल्या. ते कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. माझा झाला नाही, कारण चक्क्या आत खरोखर चालतात. 'दे कात' नावाच्या चक्कीत रंग दळले जातात. मोठे उभे दगड गोल फिरत खडू आणि रंगीत माती चिरडतात, आणि वाऱ्यावर रंग बनवणारी अशी चालू चक्की जगात आता दुसरी नाही. शेजारच्या तेलाच्या चक्कीत जवस भरडून, गरम करून, लाकडी पाचरी ठोकून तेल काढतात. आवाज एवढा की शेजारच्याशी बोलता येत नाही. एक चक्की लाकूड चिरते. ती 2007 मध्ये जुन्या नमुन्यावर नव्याने बांधलेली आहे, पण माझ्या मते यंत्र समजायला सगळ्यांत सोपी तीच. गोल फिरणाऱ्या आसाला वाकडा दांडा जोडून करवत वर-खाली करायची ही युक्ती कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन या शेतकऱ्याने 1594 च्या सुमारास काढली. हाताने चिरायला जे दिवसचे दिवस लागत ते झटपट होऊ लागलं आणि डचांच्या जहाजबांधणीला जोर चढला. त्याच डचांची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यात होती. तिचे अवशेष अजून आहेत.

गर्दी मात्र भयंकर. सकाळी दहाच्या आत पोचलात तर ठीक, अकरानंतर बसगाड्यांचे जथे उतरतात आणि मग गोखले रोडवरची दिवाळीची खरेदी बरी म्हणायची वेळ येते. प्रवेशाच्या तिकिटांची पद्धत बदलत असते, जाण्याच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळ बघून घ्या.

शहराबाहेर जाणं जमणारच नसेल तर लायडन. स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटांत 'दे फाल्क' ही 1743 ची विटांची उंच चक्की येते, आत संग्रहालय आहे. रॉटरडॅमला लागूनच असलेल्या स्खिडामला जगातल्या सर्वांत उंच पारंपरिक चक्क्या आहेत. त्यातली सगळ्यांत उंच सुमारे 33 मीटर, म्हणजे दहा-अकरा मजल्यांची इमारत. आजूबाजूची घरं वारा अडवतात, म्हणून शहरात चक्की उंचच बांधावी लागे. तिथे दारूच्या भट्ट्यांसाठी धान्य दळलं जाई.

आणि चौथा पर्याय, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय: मुलाच्या घरापासून सायकलच्या अंतरावरची, कुठल्याही सहलीच्या यादीत नसलेली, खेड्यातली धान्याची चक्की. अशा चक्क्या देशभर आहेत. 1923 पासून पवनचक्क्यांच्या जतनाचं काम करणाऱ्या 'द हॉलंडशे मोलेन' या संस्थेच्या संकेतस्थळावर नकाशा आहे. त्यात गावाचं नाव टाकलं की जवळची चक्की, तिचं काम आणि उघडण्याच्या वेळा दिसतात. इथे रांग नसते, बहुतेक ठिकाणी तिकीटही नसतं, दानपेटी असते. चक्की चालवणारा माणूस स्वतः हात धरून वर नेतो. किंडरडाइक एकदा पाहाच, पण जीव रमेल तो इथे.

क्यूकेनहॉफच्या ट्यूलिप बागेतही एक पवनचक्की आहे. ती दुसरीकडून आणून 1957 मध्ये तिथे उभी केलेली आहे. तिच्या सज्जावरून फुलांचे पट्टे छान दिसतात. तिला 'पवनचक्की पाहिली' या खात्यात धरू नका एवढंच.

मूल इंग्लंडला असेल तर हेच सगळं थोड्या फरकाने लागू पडतं. लंडनच्या दक्षिणेला क्लेटनच्या टेकडीवर 'जॅक आणि जिल' या दोन चक्क्या आहेत. त्यातली जिल 1821 मध्ये ब्रायटनला बांधली आणि 1852 मध्ये बैलजोड्या आणि घोडे लावून अख्खीच्या अख्खी ओढत टेकडीवर नेली. तिथेही उन्हाळ्यात रविवारी दुपारी स्वयंसेवक चक्की उघडतात.

दिवस कसा ठरवायचा

शनिवार. खेड्यातल्या बहुतेक चक्क्या स्वयंसेवक चालवतात. त्यांची संघटना 1972 मध्ये उभी राहिली, कारण पिढीजात चक्कीवाले संपत चालले होते. आज कुणी शिक्षक असतो, कुणी निवृत्त परिचारिका, कुणी बँकेत. रीतसर शिकून, अनुभवी चक्कीवाल्याच्या हाताखाली तास भरून, परीक्षा देऊन ते चक्की हातात घेतात. वाऱ्यावर आणि पाण्यावर चालणाऱ्या चक्क्या चालवण्याच्या या कसबाला 2017 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हे लोक आठवडाभर आपापली नोकरी करतात, म्हणून शनिवार.

मे महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार जमला तर सोन्याहून पिवळं. तो तिथला राष्ट्रीय पवनचक्की दिवस. एरवी बंद असणाऱ्या चक्क्याही त्या दोन दिवशी उघडतात आणि देशभर शेकडो चक्क्या फिरत असतात. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन जाणाऱ्यांना हे सहज जमतं.

मग वारा. हवामानाच्या ॲपवर पाऊस पाहता तसा वाऱ्याचा वेग पाहा. ताशी 20 ते 38 किलोमीटर म्हणजे उत्तम, चक्की दळण करू शकते. 12 ते 19 असेल तर पाती फिरतील, पण दगडाला भार देण्याइतका जोर असेलच असं नाही. त्याहून कमी असला तर घरीच थांबा किंवा दुसरं काही पाहा. पन्नासच्या पुढे गेला तर चक्कीवालाच थांबवेल. वीज चमकायची शक्यता असली तरी थांबवतात आणि पात्यांना वीजवाहक साखळी जोडून ठेवतात. म्हणून तारीख आधी ठरवून मग वाऱ्याची प्रार्थना करू नका. गुरुवारी-शुक्रवारी अंदाज बघून शनिवार पक्का करा, आणि मुलांना दोन-तीन शनिवार मोकळे ठेवायला सांगा.

जवळ पोचल्यावर चक्कीला निळं लांबट निशाण फडकताना दिसलं की समजायचं, चक्कीवाला आत आहे आणि पाहुण्यांचं स्वागत आहे. निशाण नसेल तर दार वाजवून आग्रह धरू नये.

पोचणं, कपडे, गुडघे

रेल्वे, बस, ट्राम सगळीकडे कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टेकवून चढता येतं. व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं, आणि परदेशातला वापर बँकेच्या ॲपमध्ये इथूनच सुरू करून घ्या. उतरतानाही कार्ड टेकवायचं असतं. आपल्या लोकलच्या सवयीमुळे ते हमखास राहतं आणि जास्तीचं भाडं कापलं जातं. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, नवरा-बायकोला एकच चालत नाही. किंडरडाइकला रॉटरडॅमच्या इरास्मस पुलाजवळून वॉटरबसने गेलात तर प्रवासच सहल होतो. खेड्यातल्या चक्कीसाठी थोडी रोख नाणी जवळ ठेवा, दानपेटीला आणि पिठाला.

आता कपड्यांचं, आणि हे गंभीरपणे घ्या. आत सगळीकडे उघडी दातेरी चाकं फिरत असतात. साडीचा पदर, ओढणी, लांब मफलर, खांद्यावरून लोंबणारी पर्स यांतलं काही नको. पंजाबी ड्रेस चालेल, ओढणी बॅगेत. मोकळी वेणी असेल तर अंबाडा बांधा. रबरी तळव्याचे, पायात घट्ट बसणारे बूट. चपला, सँडल नकोत. मे महिन्यातही वरच्या सज्जावर वारा बोचतो, तेव्हा कान झाकणारी टोपी हवीच. कपड्यांवर पिठाची पूड बसते म्हणून काळा कोट टाळा.

आतल्या जिन्यांना जिना म्हणणं धाडसाचं आहे, ती शिडीच असते. पायऱ्या अरुंद, चढ जवळजवळ उभा, आधाराला बहुधा दोरखंड. चढताना एका वेळी एकानेच चढायचं. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ बाहेर, अगदी बोटीतून उतरतो तसं. सरळ तोंडाने उतरायला गेलात तर टाच अडकलीच. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी वर जाऊ नये. त्यांच्यासाठी खालचा मजला आणि बाहेरचं अंगण पुरेसं आहे. पाणी उपसणाऱ्या आणि लाकूड चिरणाऱ्या चक्कीत तर निम्मी गंमत खालीच असते. नातवाला घेऊन कोण वर जाणार आणि आजीसोबत खाली कोण थांबणार, हे घरीच ठरवून निघा. शिडीच्या पायथ्याशी तो वाद घालू नका.

बाहेरून पाहताना

लगेच आत शिरू नका. आधी लांबून एक फेरी मारा. फिरणाऱ्या पात्यांच्या बाजूला दोरी किंवा कठडा लावलेला असतो, तो कधीही ओलांडायचा नाही. बुटक्या चक्क्यांची पाती जमिनीपासून हातभर अंतरावरून जातात. लांबून ती संथ वाटतात, पण 26 मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला पंधरा फेऱ्या मारत असेल तर पात्याचं टोक ताशी सत्तर किलोमीटरच्या वर धावत असतं. घोडबंदर रोडवर रात्री सुटलेल्या गाडीचा वेग तो हाच.

मग पात्यांवरचं कापड बघा. प्रत्येक पातं म्हणजे लाकडी जाळी, आणि तिच्यावर जहाजाच्या शिडासारखं जाड कापड ताणलेलं. वारा कमी असेल तर चारही पात्यांवर पूर्ण कापड, वाढला तर अर्धं गुंडाळलेलं, फारच असेल तर उघडी जाळी. चक्कीवाला एकेक पातं खाली आणून, ब्रेक लावून, जाळीवर पाय देत चढतो आणि कापड सोडतो किंवा आवळतो. हे काम सकाळी चक्की सुरू करताना होतं. म्हणून उघडण्याच्या वेळेच्या थोडं आधी पोचण्याचा माझा आग्रह आहे. पाहायला यापेक्षा चांगलं काही नाही.

मागच्या बाजूला जा. वरच्या टोपीपासून खालपर्यंत एक लांब लाकडी शेपूट आलेली दिसेल, तिच्या टोकाला जहाजाच्या सुकाणूसारखं चाक. वाऱ्याची दिशा बदलली की चक्कीवाला ते चाक फिरवतो, साखळी आवळली जाते आणि कित्येक टन वजनाची टोपी पात्यांसकट वाऱ्याच्या दिशेला वळते. वारा मागून लागला तर पाती आणि टोपी उखडू शकतात, म्हणून चक्कीवाल्याचं लक्ष सतत आकाशाकडे. तुमच्याशी बोलता बोलता तो मध्येच उठून गेला तर रागावू नका.

चक्की उभी असेल तर पाती कशी थांबवली आहेत तेही बघण्यासारखं असतं. डच चक्क्या समोरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. वरचं पातं अगदी माथ्यावर येण्याच्या किंचित आधी, म्हणजे जरा उजवीकडे थांबवलं असेल तर घरात आनंदाचा प्रसंग. माथा ओलांडून जरा डावीकडे असेल तर शोक. जुलै 2014 मध्ये एमएच-17 हे विमान पाडलं गेलं आणि त्यात डच प्रवासी मोठ्या संख्येने गेले, तेव्हा देशभरच्या चक्क्यांनी पाती शोकाच्या स्थितीत थांबवली होती.

आत: आधी वर, मग खाली

लोक खालून वर बघत जातात आणि वर पोचेपर्यंत दमतात. उलट करा. जमत असेल तर न थांबता सर्वांत वर जा आणि मग एकेक मजला उतरत ताकद कुठून कुठे जाते ते बघत या.

टोपीत मोठा आडवा आस असतो, पात्यांना जोडलेला. त्यावर माणसापेक्षा उंच दातेरी चाक, आणि चाकाच्या परिघाभोवती लाकडी ठोकळ्यांचा पट्टा. तो पट्टा म्हणजे ब्रेक. चक्कीवाला खालून दोरी ओढतो आणि वर हा पट्टा सैल होतो किंवा आवळतो. या चाकाचे दाते एका उभ्या खांबाला फिरवतात आणि तो खांब सगळे मजले भेदून खाली जातो. दाते कठीण लाकडाचे, एकेक वेगळा बसवलेला, म्हणजे एक तुटला तर तेवढाच बदलायचा. त्यांना मधमाश्यांचं मेण चोळतात. जोडीच्या चाकांवर दात्यांची संख्या मुद्दाम अशी ठेवतात की एकाला दुसऱ्याने पूर्ण भाग जाऊ नये. त्यामुळे तोच दाता त्याच दात्यावर पुन्हा पुन्हा आदळत नाही आणि झीज सगळीकडे सारखी होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत गिअर हाताळलेल्या मंडळींना हा हिशेब पाहून बरं वाटेल.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. आसाची मान दगडी खोबणीत फिरते आणि तिला परंपरेने डुकराची चरबी लावतात. ती टोपीत वर असते, पिठाशी तिचा संबंध येत नाही. आधी माहीत असलेलं बरं.

खाली उतरलात की दगडांचा मजला. लाकडी गोल पेटीत दोन दगड, खालचा स्थिर, वरचा फिरता, तेच आपलं जातं. फरक इतकाच की वरच्या दगडाचं वजन टनाच्या घरात आणि फिरवायला वारा. वरच्या चौकोनी पेटीतून दाणे हळूहळू मधल्या भोकात पडतात. खांब फिरताना पेटीला टकटक धक्का देत राहतो, त्यामुळे वारा वाढला की दाणेही आपोआप जास्त पडतात. जात्यात घास वैरणाऱ्या बाईचा हात जे काम करतो तेच. एखादा दगड उलटा करून ठेवलेला असेल तर त्यावरच्या खाचा हात फिरवून बघा. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागते. आपल्याकडे 'जात्याला टाकीऽऽ' म्हणत दारावर येणारे लोक ठाण्याच्या जुन्या वाड्यांतल्या आजींना आठवत असतील. इथे चक्कीवाला स्वतःच तासन्‌तास बसून ते करतो.

या मजल्यावर जमिनीतली झडपेची दारं सांभाळा. धान्याची पोती वाऱ्याच्याच जोरावर साखळीने वर ओढली जातात, आणि पोतं येऊन धडकलं की दोन फळ्या वर उघडतात आणि मागे आपसूक मिटतात. त्यांच्यावर उभं राहायचं नाही, पोरांना तर अजिबात नाही. चक्कीवाला पोतं ओढून दाखवायला बहुधा तयार असतो. विचारा.

सर्वांत खाली घसरणीतून पीठ पोत्यात पडतं. चक्कीवाला दर थोड्या वेळाने चिमूट घेऊन अंगठ्याने बोटावर चोळतो. जाड वाटलं तर दगडांमधलं अंतर कमी करतो, गरम लागलं तर वाढवतो. तो हात पुढे करेल तेव्हा तुम्हीही चिमूट घ्या. रोज पोळ्या करणाऱ्या बाईला त्या पिठाबद्दल जे कळेल ते फोटोत येत नाही. माझ्या ओळखीच्या एका मावशींनी तिथे हातवारे करून एवढे प्रश्न विचारले, की चक्कीवाल्याने शेवटी त्यांनाच दगडांचं अंतर फिरवायला दिलं.

काय विचारायचं

डच लोक इंग्रजी सर्रास बोलतात, भाषेची भीती नको. 'किती जुनी आहे' हा प्रश्न चक्कीवाला दिवसभर ऐकतो. त्याऐवजी आज किती कापड सोडलंय, कुठला वारा वाईट, मिनिटाला किती पाती जाताहेत असं विचारा. ते फेऱ्या न मोजता समोरून जाणारी पात्यांची टोकं मोजतात. साठ ते ऐंशी म्हणजे दळण चांगलं चाललंय. आणि तो ब्रेकच्या दोरीजवळ असेल तेव्हा गप्प बसा. चालती चक्की थांबवणं हे सगळ्यांत जोखमीचं काम. लाकडी ब्रेक फार वेळ घासला तर ठिणगी पडते, आणि कित्येक चक्क्या अशाच जळाल्या आहेत.

खाणं आणि पीठ

चक्कीजवळ बऱ्याचदा पॅनकेकचं हॉटेल असतं. डच पॅनकेक आपल्या घावनापेक्षा मोठा आणि जाड, सफरचंद किंवा चीज घातलेला मागवा. त्यात डुकराचं मांस घालायची पद्धत आहे आणि अंडं तर असतंच, तेव्हा आधी विचारा. मांस चालत नसेल तर 'झॉन्डर फ्लेस' एवढं म्हटलं तरी काम होतं. अंडंही न खाणाऱ्यांनी घरून ठेपले किंवा पोळी-भाजी न्यावी. अंगणातल्या बाकावर बसून खायला कुणाची हरकत नसते.

पीठ जरूर घ्या, चक्कीच्या देखभालीला तेवढाच हातभार. गव्हाचं सबंध पीठ एक-दोन किलो पुरे. त्यात कोंडा मोठा असतो आणि तिथला गहू आपल्या सिहोरसारखा नाही, त्यामुळे थेट पोळी लाटायला गेलात तर कडा फाटतात. चाळून घ्या, कोमट पाण्यात भिजवा, अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा आणि जरा जाडसर लाटा. धपाटे आणि थालीपीठ मात्र न चाळताच सुरेख होतात. अंकुरासकट दळलेलं असल्याने त्यातल्या तेलाला लवकर वास लागतो. फ्रिजमध्ये ठेवा आणि मुलाच्या घरीच संपवा. ठाण्याला आणण्यासाठी बॅगेत जागा करू नका.